सोडून देण्याची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या पुस्तक-भिशीत या वेळी माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. पैशांच्या भिशीत माझे नाव नेहमी सगळ्यांत शेवटी येते, आणि ज्या भिशीत उभे राहून बोलायचे असते तिच्यात मात्र ते पहिल्याच फटक्यात आले. याला नशीब म्हणायचे की काय, ते तुम्हीच ठरवा.

मी सातवी पास आहे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जावे लागे आणि घरी माझ्या पाठची तीन भावंडे होती. तेव्हा माझे दप्तर खुंटीला लागले ते लागलेच. त्यानंतर वाचले ते म्हणजे श्रावणातली कहाण्यांची पोथी, वर्तमानपत्राची पुरवणी आणि किराणाची यादी. म्हणून चिठ्ठी निघाल्यावर मी धाकट्या मुलीला म्हटले, "एखादं बारीकसं पुस्तक दे गं, दोन दुपारींत संपेल असं." तिने वाचनालयातून जे आणले ते पाहून मला वाटले, हिने बसायला पाटच आणला! मी म्हटले, "हे एक पुस्तक?" ती म्हणाली, "आई, हा नुसता पहिला भाग आहे. अजून दोन आहेत."

हे पुस्तक जे. आर. आर. टोल्किन नावाच्या इंग्रज प्राध्यापकांचे. मूळ पहिला भाग विलायतेत २९ जुलै १९५४ रोजी निघाला. मुग्धा कर्णिक यांनी हा सगळा ग्रंथ 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणला, म्हणून माझ्यासारखीला तो वाचता आला. लेखकाच्या मनात खरे तर एकच सलग ग्रंथ होता. पण दुसऱ्या महायुद्धानंतर कागदाची टंचाई आणि छपाईचा खर्च, म्हणून प्रकाशकांनी त्याचे तीन भाग केले. वाचून मला बरे वाटले. घडी बसत नसली की आपणही एका लुगड्याच्या दोन दांड्या करतो, तसेच हे झाले.

आता खरे सांगते. पहिल्या चार दुपारी मी हरले. नावे लक्षात राहीनात. बिल्बो कोण, फ्रोडो कोण, कोणाचा कोण लागतो, काही कळेना. मग मी किराणाच्या वहीच्या मागच्या पानावर नावे लिहायला घेतली आणि पुढे कंसात 'पुतण्यासारखा', 'माळी', 'लबाड नातेवाईक' अशी ओळख लिहिली. तुम्हांपैकी कोणी हे पुस्तक हाती घेतले तर हा उपाय अवश्य करा. मुलगी म्हणाली, "सुरुवातीची माहिती सोडून दे, गोष्टीपासून वाच." पण मी सोडली नाही, आणि बरे झाले सोडली नाही, कारण तिथेच मला ही माणसे आपली वाटू लागली.

ही माणसे म्हणजे हॉबिट. उंचीने दोन ते चार फूट, पाय अनवाणी आणि पायांवर कुरळे केस. टेकडीच्या पोटात गोल दाराची घरे करून राहतात. मिळेल तर दिवसातून सहा वेळा जेवतात! वाढदिवस ज्याचा असेल तो भेटी घेत नाही, उलट दुसऱ्यांना देतो. आणि एक वस्तू त्यांच्यात अशी, की जिचा उपयोग नाही पण टाकवतही नाही. तिला त्यांच्या बोलीत 'मॅथम' म्हणतात. ती या घरून त्या घरी भेट म्हणून फिरत राहते. मी मान वर करून आमच्या माळ्याकडे पाहिले. माझ्या लग्नात आलेले तीन लेमन सेट तिथे अजून खोक्यात आहेत. चौथा मी दुसऱ्या कोणाच्या लग्नात दिला, तो कोणाकडे आहे हे तिला आणि मला ठाऊक.

या कथेची मुळे युरोपच्या उत्तर टोकाच्या जुन्या कथांत आहेत. नॉर्वे, आइसलंड अशा बर्फाळ मुलुखातल्या लोकांच्या देवदेवतांच्या आणि वीरांच्या कथा आइसलंडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवल्या गेल्या. त्यांतल्या 'एडा' नावाच्या जुन्या काव्यसंग्रहात बुटक्या खाणकऱ्यांची एक लांबलचक नामावळी आहे. टोल्किन यांनी आपल्या पात्रांची नावे तिथून उचलली. गॅन्डाल्फ हे म्हाताऱ्या जादूगाराचे नावही त्याच नामावळीतले. त्या लोकांचा मोठा देव ओडिन. तो एका डोळ्याचा. रुंद काठाची टोपी घालून, हातात काठी घेऊन वाटसरूच्या वेषात हिंडतो. गॅन्डाल्फचा वेष आणि त्याचे भटकणे या देवावरूनच सुचलेले आहे.

मला आवडले ते पुढेच. टोल्किन ऑक्सफर्डला शिकवीत असताना १९२६ साली त्यांनी प्राध्यापक मित्रांचे एक मंडळ काढले. आइसलंडच्या जुन्या कथा मूळ भाषेतून वाचायच्या, एकेकाने आळीपाळीने थोडे वाचून अर्थ सांगायचा, एवढेच काम. मंडळाचे नाव 'कोलबीटार', म्हणजे कोळसा चावणारे. थंडीत शेकोटीच्या इतके जवळ बसणारे की जणू निखारा तोंडात जाईल! तेव्हा भगिनींनो, चिठ्ठ्या टाकून पुस्तक वाचणाऱ्या आपण काही जगावेगळ्या नाही. फरक एवढाच, की त्यांना मध्येच उठून कुकर बंद करायला जावे लागत नव्हते.

त्या उत्तरेकडच्या कथांत एका शापित अंगठीची गोष्ट आहे. आंडवारी नावाच्या बुटक्याचे सोने लोकी नावाचा देव हिसकावून घेतो. एक अंगठी तरी राहू दे म्हणून तो विनवतो, तीही घेतो. मग तो शाप देतो, की हे ज्याच्या हाती जाईल त्याचा नाश होईल. पुढे ते सोने एका बापाकडे येते. मुले बापाला मारतात आणि त्यांतला फाफ्निर नावाचा मुलगा त्या सोन्यावर बसून बसून सरपटणारा अजगरासारखा राक्षस होतो. आपल्याकडे नाही का म्हणत, पुरलेल्या धनावर नाग बसतो, आणि तो नाग म्हणजे त्या घरचाच जीव अडकलेला मूळपुरुष? हजारो कोस दूर बर्फात राहणाऱ्या माणसांनाही तेच दिसले होते. धन आपण धरतो असे वाटते, पण धरलेले असतो आपण.

आता कथेकडे वळते. बिल्बो हा हॉबिट एकशे अकरा वर्षांचा होतो. त्याने सांभाळलेला दूरच्या नात्यातला फ्रोडो त्याच दिवशी तेहतीस वर्षांचा. मोठी मेजवानी होते, खास पंगतीला एकशे चव्वेचाळीस पाने. ते वाचताना मी आधी हा विचार केला, की स्वयंपाक कोणी केला? तर आसपासच्या सगळ्या खानावळींतून आचारी बोलावले होते. मग मी निर्धास्तपणे पुढे वाचले. जेवणानंतर बिल्बो भाषणाला उभा राहतो आणि बोलता बोलता सर्वांसमोर नाहीसा होतो, कारण त्याच्या खिशात एक अंगठी आहे. ती बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो. ती त्याला साठ वर्षांपूर्वी एका अंधाऱ्या गुहेत सापडलेली.

मेजवानीनंतर घरातले प्रत्येक सामान कोणाला द्यायचे त्याच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. पुस्तके नेऊन परत न करणाऱ्या एकाला पुस्तकांचे रिकामे कपाट दिलेले! लोबेलिया नावाच्या भावकीतल्या बाईला चांदीच्या चमच्यांचा डबा, कारण घरातले पुष्कळ चमचे तिनेच लांबवले असा बिल्बोला संशय असतो. मी एकटीच एवढी हसले, की मुलगी परीक्षेचा अभ्यास टाकून पाहायला आली.

पण त्याच प्रकरणात एक प्रसंग आहे, त्याने माझे हसू थांबवले. आजचे माझे बोलणे खरे तर तेवढ्यापुरतेच आहे.

बिल्बोने ठरवलेले असते, की घर आणि अंगठी फ्रोडोला ठेवून आपण निघून जायचे. तो गॅन्डाल्फला सांगतो, "अंगठी पाकिटात घालून शेकोटीवरच्या फळीवर ठेवली आहे." आणि मग खिशात हात घालतो तर ती खिशातच! गॅन्डाल्फ म्हणतो, ठेवून दे. तेव्हा हा गोड म्हातारा एकदम चिडतो. माझी आहे, मला सापडली, तुला हवी आहे म्हणून तू मागे लागला आहेस, असे बोलतो आणि हात तलवारीच्या मुठीकडे नेतो, तेही इतक्या वर्षांच्या मित्रावर. गॅन्डाल्फला ती हिसकावून घेणे काही अवघड नव्हते. पण तो घेत नाही. तो एकदा आपले खरे बळ दाखवतो आणि मग हळू आवाजात म्हणतो, की मी तुला लुटायला नाही, मदत करायला उभा आहे. शेवटी बिल्बो पाकीट फळीवर ठेवायला जातो, हात मागे ओढला जातो आणि पाकीट खाली पडते. गॅन्डाल्फ ते उचलून जागेवर ठेवतो. क्षणभर बिल्बोच्या चेहऱ्यावर राग येतो आणि मग तो हसू लागतो. डोक्यावरची मोळी उतरावी तसा हलका होतो आणि गाणे म्हणत अंधारात चालू लागतो.

मैत्रिणींनो, मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मला आमच्या सासूबाई आठवल्या.

तुम्हांपैकी पुष्कळजणींनी त्यांना पाहिले आहे. कमरेला चांदीचा छल्ला आणि त्याला सात किल्ल्या. कपाटाची, कोठीची, तुपाच्या फडताळाची, ट्रंकेची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून वीस वर्षे वाटीभर साखर लागली तरी त्या उठून काढून देत. मी कधी उलट बोलले नाही, पण मनात धुमसत असे. दोन मुलांची आई झाले तरी या घरात मी पाहुणीच, असे वाटे. त्या चालत आल्या की आधी किल्ल्यांचा आवाज येई आणि माझे कपाळ आपोआप आठीत जाई.

२०१७ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळू लागले. छल्ला कमरेचा काढून उशाखाली ठेवला. डाव्या हाताने त्या तो चाचपत राहत. एक दिवस त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले, उशीखालून किल्ल्या काढल्या, माझ्यापुढे धरल्या. मी हात पुढे केला, तर त्यांनी मूठ मिटली आणि परत उशाखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटले, मरणाच्या दारातही या माझा विश्वास धरत नाहीत, आणि वर माझी परीक्षा पाहतात.

त्याच आठवड्यात दवाखान्यासाठी कपाटातले कागद आणि पैसे हवे होते. मी मागितले असते तर पुन्हा तोच खेळ झाला असता. म्हणून रात्री त्या झोपलेल्या असताना मी उशीखाली हात घातला आणि छल्ला काढून घेतला. कारण खरेच होते, खोटे नव्हते. कागद मिळाले, औषध आले. सकाळी त्या जागा झाल्या आणि डावा हात उशीखाली गेला. फिरला, पुन्हा फिरला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या कमरेकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे केले. त्यानंतर त्या सात महिने होत्या. त्यांनी किल्ल्यांची खूण पुन्हा कधी केली नाही. मीही तो विषय काढला नाही.

हे मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. घरच्यांनाही नाही. पण त्या पाकिटाचे पान वाचले आणि मला कळले, की तीन दिवस त्या माझी परीक्षा पाहत नव्हत्या. त्या सोडायचा प्रयत्न करत होत्या. चाळीस वर्षांची मूठ उघडायला तीन दिवस काही जास्त नव्हते. चौथ्या दिवशी कदाचित उघडली असती. कोणीतरी धीराने समोर थांबायला हवे होते. मी थांबले नाही.

पुढची कथा मी याच धाग्याने वाचली. सतरा वर्षांनी गॅन्डाल्फ परत येतो. अंगठी विस्तवात टाकून पाहतो, तेव्हा तिच्यावर अक्षरे उमटतात आणि ती सॉरॉन नावाच्या दुष्ट सत्ताधीशाची, सर्वांना गुलाम करणारी अंगठी आहे हे उघड होते. ती जिथे घडली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकली तरच नष्ट होईल. फ्रोडो म्हणतो, आत्ताच टाकतो, आणि चुलीत फेकायला हात उचलतो. पाहतो तर ती पुन्हा खिशात ठेवलेली! 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं' म्हणतात ना, त्यातली गत.

फ्रोडो घर सोडून निघतो तेव्हा किती वर्षांचा असतो, सांगा पाहू. पन्नास! आपल्या गोष्टींतले राजपुत्र सोळा-अठराचे असतात. इथे नायक पन्नाशीला उंबरठा ओलांडतो, तोही थोडे पोट सुटलेला. माझे शेहेचाळीस चालू आहे. त्या रात्री मला उगीचच तरतरी आली.

रिव्हेन्डेल या ठिकाणी मोठी सभा भरते. तिथे बलाढ्य राजे, योद्धे, दीर्घायुषी एल्फ बसलेले असतात आणि ओझे उचलायला पुढे होतो तो हा बुटका. त्याच्याबरोबर आठ जण निघतात. त्यांत सॅम नावाचा माळी आहे. निघताना त्याच्या गाठोड्यात काय? स्वयंपाकाची भांडी आणि मिठाची छोटी डबी, जी तो मिळेल तिथे भरून घेतो. आणि वाटेला लागल्यावर त्याला आठवते, की दोर घ्यायचा राहिलाच! प्रवासाला निघाल्यावर काहीतरी राहिले म्हणून जिचा जीव खालीवर झाला नाही अशी एक तरी बाई इथे आहे का? टोल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या लढाईत होते. तिथे पाहिलेल्या साध्या शिपायांवरून सॅम सुचला, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. १९१८ साल उजाडेपर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सगळे गेले होते. म्हणून असेल, पण या पुस्तकात मोठ्यांच्या पराक्रमापेक्षा लहानांच्या सोबतीला मान आहे.

मोरियाच्या अंधाऱ्या खाणीत, एका अरुंद पुलावर, सर्वांना पलीकडे जाऊ देऊन गॅन्डाल्फ एका अग्निराक्षसासमोर एकटा उभा राहतो आणि त्याच्यासह दरीत कोसळतो. त्या दुपारी माझे दूध उतू गेले. ओटा पुसताना मी रडत होते. मुलगी विचारते, "आई, दुधासाठी?" मी म्हटले, "हो."

अंगठी ज्यांच्या समोर येते ते प्रत्येक जण कसे वागतात, हे पाहण्यासारखे आहे. फ्रोडो ती गॅन्डाल्फला देऊ करतो, तो नाकारतो. म्हणतो, चांगले करण्याच्या इच्छेनेच मी तिच्या जाळ्यात सापडेन. लोथलॉरियनच्या सोनेरी अरण्यातली राणी गॅलाड्रिएल, तिलाही फ्रोडो देऊ करतो. तिने तर कित्येक वर्षे मनात या क्षणाचा विचार केलेला असतो. क्षणभर ती फार मोठी, भयंकर सुंदर दिसते, आणि मग हसून साधी होते आणि नको म्हणते. घेतली असती तर सगळे जग तिला भजले असते. नको म्हटल्यावर तिच्या वाट्याला आपले अरण्य सोडून जाणेच उरते, हे तिला ठाऊक आहे. पहिल्या भागात बायका फारच थोड्या आहेत, ही माझी लेखकाविरुद्ध तक्रार आहे. पण ही एक बाई दहा योद्ध्यांना भारी आहे.

आणि मग बोरोमिर. शूर, धट्टाकट्टा, बर्फात वाट फोडून लहानग्यांना उचलून नेणारा. त्याचे शहर शत्रूच्या तोंडाशी आहे. तो म्हणतो, ही अंगठी मला दे, माझे लोक वाचतील. फ्रोडो नाही म्हणतो, तेव्हा तो त्याच्यावर झडप घालतो. लगेच भानावर येतो, रडतो, पण तोवर फ्रोडो निघून गेलेला असतो. मुलगी म्हणाली, "मला बोरोमिरचा रागच येतो." मला नाही आला. त्याचे कारणही खरेच होते, खोटे नव्हते. पुस्तक वाचताना आपण आपल्याला नेहमी नायकाच्या जागी बसवतो. मी पाचशे पाने स्वतःला फ्रोडो समजत होते. शेवटी कळले, की उशीखाली हात घालणारी मी बोरोमिर होते.

फ्रोडो एकटाच नावेतून निघतो. सॅमला पोहता येत नाही, तरी तो मागून पाण्यात उडी घेतो, बुडू लागतो आणि फ्रोडो त्याला केस धरून वर ओढतो. दोघे पलीकडच्या काठाला लागतात आणि पहिला भाग संपतो. वाचनालयाची मुदत मी तीन वेळा वाढवून घेतली होती.

दोष सांगायचे तर सांगते. गाणी फार आहेत. झाडे, डोंगर, नद्या यांची वर्णने इतकी, की मधूनच मला डुलकी लागे. पण झोपून उठल्यावरही ती माणसे त्याच डोंगरात चाललेली असत, त्यामुळे काही चुकत नसे.

आता शेवटचे. आपल्या मंडळाच्या कपाटाची किल्ली आणि हिशेबाची वही गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्यात आलेल्या तरुण मुलींनी म्हटले, काकू, हिशेब संगणकावर ठेवूया, आम्ही करतो. मी म्हटले, "बघू पुढे." गेल्या दिवाळीच्या फराळाच्या वेळी पुन्हा विचारले, तेव्हा मी बोलू नये ते बोलले. "वही लिहिली तेव्हा तुम्ही फ्रॉकात होतात," असे म्हणाले. त्यांतली एक त्यानंतर दोन महिने मंडळात आली नाही. मी घरी जाऊन सांगितले, की मुलींना मोठ्यांचा मान नाही. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही, हे माझे बोलणे खरे होते. पण किल्ली माझ्या पर्समध्ये असली, की मी या मंडळात कोणीतरी आहे असे मला वाटे, हेही तितकेच खरे. आणि त्या मुलींना तिचा आवाज कसा ऐकू येत असेल, ते मी जाणत नव्हते असे नाही. तो आवाज मी वीस वर्षे ऐकला आहे.

परवा मी वही पूर्ण केली, शिल्लक मोजली, पावत्या लावल्या. किल्ली एका पाकिटात घातली. आज सकाळी निघताना पाहते तो पाकीट टेबलावर आणि किल्ली पर्समध्ये! हे मी गोष्ट रंगवण्यासाठी सांगत नाही. हात कधी गेला, मलाच कळले नाही.

तर अध्यक्षीणबाई, ही किल्ली मी इथे, तुमच्यासमोर, टेबलावर ठेवते. कोणी उचलून मला परत देऊ नका. त्या मुली नवीन चिटणीस आपल्यातून निवडतील. माझे काही विचारायचे असेल तर मी आहे. आणि फ्रॉकाबद्दल जे बोलले, त्याची मी सर्वांदेखत माफी मागते.

एक विनंती मात्र आहे. बिल्बोने अंगठी सोडल्यावर सतरा-अठरा वर्षांनी रिव्हेन्डेलमध्ये फ्रोडो त्याला भेटतो. म्हातारा म्हणतो, जरा एकदा दाखव ना. दाखवली तर त्याचे हात असे पुढे होतात, की फ्रोडोला तो क्षणभर कोणी परकाच, हावरट दिसतो. मग बिल्बो ओशाळतो आणि म्हणतो, ठेवून दे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यात मी "बघू गं जरा ती वही" म्हणाले, तर रागावू नका, पण वही दाखवूही नका. माझ्या हातात चहाचा कप द्या.

सासूबाईंचा छल्ला माझ्याकडे आहे. मुलाचे लग्न पुढल्या वर्षी करायचे ठरले आहे. सून आली की तो तिला द्यायचा आहे. माझी मूठ मिटली तर तिने थोडे थांबावे, एवढे तिला मी आधीच सांगून ठेवणार आहे.

दुसरा भाग मी वाचनालयात सांगून ठेवला आहे. गॅन्डाल्फचे पुढे काय झाले ते मुलीला माहीत आहे, पण तिने सांगितले तर तिला जेवण मिळणार नाही.

 आता पुढची चिठ्ठी काढा.